मालधक्क्यामागची साईडिंग : नाशिकरोडच्या गोदामपट्ट्यातील एका वापराबाहेरच्या रुळाचे प्रकरण

नाशिकरोडच्या मालधक्क्यापासून गोदामांच्या ओळीत शिरणारी एक जुनी साईडिंग, म्हणजे मालाच्या चढउतारासाठी मुख्य लाईनपासून फुटलेली फांदी, पाहावी, तिची नोंद करावी आणि जमल्यास नागरिकांसाठी तेथे एखादी फेरी काढावी, असे काही नाशिककरांच्या मनात आले. इतिहासाची आवड असलेले एक प्राध्यापक, वास्तुकलेचे काही विद्यार्थी, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गँग मुकादम (रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचे प्रमुख) आणि प्रस्तुत लेखक असा हा गट होता. कामाला हात घालताच लक्षात आले की इतिहासाचा प्रश्न नंतरचा आहे; ही लाईन कोणाची आणि ती खरोखर बंद झाली आहे का, याचा उलगडा आधी व्हायला हवा. रुळावर गवत माजले, गंज चढला, शेजारची मुले त्यावर क्रिकेट खेळू लागली, म्हणजे लाईन बंद झाली असे आपण धरून चालतो. या प्रकरणात तसे नव्हते आणि ते नव्हते हे कसे कळले, कळल्यावर काय ठरले, याचे हे टिपण आहे. गोदाममालकांच्या विनंतीवरून गोदामाचे नाव आणि नेमकी जागा दिलेली नाही. ते दुसऱ्या कारणानेही बरे झाले, कारण अशा जागांचा पत्ता एकदा फिरू लागला की मोबाईल घेऊन रुळावर उतरणाऱ्यांची रीघ लागायला वेळ लागत नाही.

गोदामे तेथे का उभी राहिली

१८६५ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने थळघाटाचा चढ पार केला आणि मुंबई व नाशिक लोहमार्गाने सलग जोडले गेले. स्थानक मात्र गोदाकाठच्या शहरापासून आठ-दहा किलोमीटर दूर राहिले. ते अंतर तोडण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस ती गुंडाळली गेली. मेन रोडवरून आज जाणाऱ्याला तिची खूण सापडत नाही. प्राध्यापकांचा सगळा आग्रह या एका गोष्टीवरून होता. नाशिकने एक लाईन पुरेशी नोंद न ठेवता घालवली आहे, दुसरी तशी जाऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

स्थानकाभोवती वाढलेले नाशिकरोड हे मुळात रेल्वेचे आणि सरकारी छपाईचे गाव. १९२५ मध्ये येथे भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ मध्ये चलार्थपत्र मुद्रणालय सुरू झाले. पुढे १९७० च्या सुमारास एकलहऱ्याचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले, ज्याचा कोळसा रेल्वेनेच येतो. या मोठ्या कारखान्यांच्या सावलीत धान्य, खत, सिमेंट, पेंड अशा मालाची लहान-मोठी गोदामे मालधक्क्याच्या आसपास बांधली गेली. वाघिणीतून, म्हणजे मालगाडीच्या डब्यातून, उतरलेले पोते बैलगाडीत घालायचे, गाडी गोदामापर्यंत न्यायची आणि तेथे पुन्हा उतरवायचे, म्हणजे एका पोत्यासाठी दोनदा हमाली. वाघीणच गोदामाच्या दारात आली तर एक हमाली वाचते. साईडिंगचे सगळे अर्थकारण एवढेच होते.

सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींचा येथे उल्लेख करायला हवा तो उलट कारणासाठी. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची. त्यानंतर आखल्या गेलेल्या या वसाहती त्र्यंबक आणि मुंबई-आग्रा रस्त्यांच्या अंगाने वाढल्या. त्यांच्या गल्ल्यांतून रूळ गेले नाहीत. नाशिकचा कारखानदारीतला माल ट्रकवर चढला तो तेथून, आणि नाशिकरोडचा गोदामपट्टा हळूहळू जुन्या पद्धतीचा शेवटचा तुकडा होऊन राहिला.

साईडिंग ओस का पडली

माल कमी झाला म्हणून ही साईडिंग ओस पडली, असे परिसरातले बहुतेक लोक सांगतात. ते खरे नाही. मालधक्क्यावर आजही सिमेंट आणि खत उतरते, माथाडी कामगारांच्या टोळ्या काम करतात, ट्रकच्या रांगा लागतात. बदलली ती वाघीण, आणि तिच्याबरोबर रेल्वेचा हिशेब.

पूर्वी चार चाकांची, सात-आठ मीटर लांबीची वाघीण असे. तिच्यात २० ते २५ टन माल मावे आणि एखाद्या व्यापाऱ्याला एकच किंवा दोन वाघिणी मागवता येत. मालगाडी यार्डात आली की शंटिंगचे इंजिन तिच्यातल्या दोन वाघिणी सोडवून साईडिंगवर ढकलून जाई. यात वेळ आणि मनुष्यबळ फार जाई. वाघीण धावण्यापेक्षा यार्डात उभीच अधिक राही. १९८० च्या दशकापासून रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक कमी करत नेली आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पूर्ण रेक, म्हणजे न तोडता सबंध मालगाडी, नेण्यावर भर दिला. त्याच दशकात आठ चाकांच्या, हवेच्या ब्रेकच्या, बंद छताच्या नव्या वाघिणी आल्या. अशी एक वाघीण सुमारे साडेपंधरा मीटर लांब, आणि पूर्ण रेक म्हणजे चाळीसच्या आसपास वाघिणी. गणित साधे आहे : सहाशे मीटरहून लांब गाडी. म्हणूनच स्थानकांतल्या लूप लाईनची (गाडी बाजूला घेण्याच्या लाईनची) मानक लांबी ६८६ मीटर धरली जाई.

आमची साईडिंग रस्त्याने पावले मोजून सांध्यापासून (मुख्य लाईनपासून ती फुटते त्या जागेपासून) गोदामाच्या शेवटच्या बफरपर्यंत (रूळ संपतो तेथल्या अडसरापर्यंत) अडीच-तीनशे मीटर भरली. तीतही मध्येच एक सार्वजनिक रस्ता ओलांडावा लागतो. येथे पूर्ण रेक लावायची तर तिचे दोन-तीन तुकडे करायचे, रस्ता तितक्या वेळा अडवायचा, आणि ठरलेल्या तासांत माल उतरला नाही की डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, भरायचे. शिवाय दोन-अडीच हजार टन माल एकदम मागवील असा या पट्ट्यातला व्यापारी कोण? त्यापेक्षा मालधक्क्यावर आलेल्या रेकमधून आपल्या वाट्याचा माल ट्रकने आणणे परवडते. हमाली दोनदा पडते हे खरे, परंतु साईडिंगचा देखभाल खर्च, जमिनीचे परवाना शुल्क आणि डेमरेजची टांगती तलवार यांच्यापुढे ती स्वस्त ठरते. गोदामाच्या आताच्या मालकांनी हे एका वाक्यात सांगितले : "आमच्या वडिलांना दोन डबे पुरत होते, अन् रेल्वेला आता चाळीसच्या खाली बोलायचं नाही."

एक लाईन आणि तीन हद्दी

खासगी साईडिंग ही सबंध लाईन एकाच्या मालकीची नसते, हे गटातल्या विद्यार्थ्यांना नवे होते. मुख्य लाईनपासून फुटणारा सांधा आणि तेथून गोदामाच्या फाटकापर्यंतचा भाग रेल्वेच्या जमिनीवर आणि रेल्वेच्या ताब्यात. फाटकाच्या आतला भाग गोदाममालकाचा. आणि दोहोंच्या मध्ये जो रस्ता आडवा जातो त्याचा पृष्ठभाग महापालिकेच्या देखभालीत. नाशिकरोड-देवळाली नगरपालिका १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिकेत विलीन झाली, त्यामुळे रस्त्याचे जुने कागद एका कार्यालयात आणि नवे दुसऱ्या कार्यालयात असण्याचा नेहमीचा प्रकार येथेही होताच.

कागद जमवायला हिवाळा गेला. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढल्या, विकास आराखड्यावर रस्त्याची रुंदी पाहिली, एका विद्यार्थ्याने माहितीच्या अधिकारात रेल्वेच्या भुसावळ विभागाकडे अर्ज केला. सर्वांत उपयोगी कागद मात्र मालकांच्या कपाटातून निघाला : साईडिंगचा मूळ करार, आणि त्याला जोडलेला निळ्या छापाचा नकाशा, ज्यावर कराराची हद्द लाल रेघेने आखलेली होती. हा कागद दाखवायला मालक सहजासहजी तयार नव्हते, आणि त्यांची कारणे फालतू नव्हती. साईडिंगबद्दल कोणी लिहिले तर रेल्वे जुन्या परवाना शुल्काची थकबाकी उकरून काढील, ही एक भीती. गोदामाला वारसा वास्तू ठरवून टाकले तर उद्या ते पाडता किंवा विकता येणार नाही, ही दुसरी. "तुम्ही फोटो काढून जाल, सर, निस्तरायचं आम्हाला," असे ते प्राध्यापकांना म्हणाले. वारशाची आस्था बाळगणारे लोक या भीतीकडे अनेकदा तुच्छतेने पाहतात. माझ्या मते ते चुकीचे आहे. ज्याच्या मालकीची भिंत आहे त्याला तिच्या जुनेपणाचा केवळ जाचच होणार असेल तर ती भिंत आपल्याला पाहायला मिळणार नाही. शेवटी असे ठरले की नोंदीत गोदामाचे नाव येणार नाही, नोंदीची एक प्रत मालकांना दिली जाईल आणि करारातली आर्थिक कलमे कोठेही उद्धृत केली जाणार नाहीत.

करारात नोटीस देऊन साईडिंग बंद करण्याची तरतूद होती. अशी नोटीस मालकांनी दिल्याचा किंवा रेल्वेने दिल्याचा कागद कोणत्याच बाजूला सापडला नाही. वाहतूक थांबली, शुल्काचा पत्रव्यवहार काही काळ चालला आणि मग तोही आटला. म्हणजे ही साईडिंग वापरात नाही, पण बंदही झालेली नाही. तिचे रूळ उखडलेले नाहीत, तिची जमीन परत केलेली नाही. वापर थांबणे, करार संपणे आणि रूळ निघणे या तीन वेगळ्या घटना आहेत आणि येथे फक्त पहिली घडलेली होती.

कायद्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमात रेल्वेची जी व्याख्या दिली आहे तीत कुंपणाच्या किंवा हद्दीच्या खुणांच्या आतली सगळी जमीन येते आणि साईडिंगही येतात. त्या जमिनीवर गाडी धावते की नाही याने काही बिघडत नाही. त्याच कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे विनापरवाना आत जाणे हा गुन्हा असून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी मूळ तरतूद आहे. शेजारच्या वस्तीतले लोक रोज रुळावरून आडवाटेने जातात हे विद्यार्थ्यांनी बोलून दाखवले. जातात, हे खरेच. पण त्यांच्या वहिवाटीचा दाखला देऊन वीस-पंचवीस माणसांची जाहीर फेरी नेता येत नाही. त्याहून कडक आहे तो रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा कब्जाविषयीचा १९६६ चा कायदा. रुळाशेजारी पडलेला गंजका खिळा आठवण म्हणून खिशात टाकणे यात कोणाला चोरी दिसत नाही, परंतु त्या कायद्याखाली पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे वाचून दाखवल्यावर एका विद्यार्थ्याने बॅगेतला खिळा मुकादमांच्या हातात ठेवला. तो फाटकाच्या आतला, म्हणजे मालकाचा निघाला आणि मालकाला परत केला गेला.

ड्रोन उडवून वरून चित्रण करावे, ही सूचना तर चर्चेलाही घेतली नाही. दोन्ही मुद्रणालये, देवळालीचे तोफखाना केंद्र, गांधीनगरचा लष्करी हवाईतळ एवढे सगळे आसपास असताना नाशिकरोडला ड्रोन उडवणे म्हणजे आ बैल मुझे मार.

गंजाची भाषा आणि मुकादम

प्रत्यक्ष पाहणीची सुरुवात रस्त्याच्या क्रॉसिंगवर केली, कारण रूळ कायद्याने पायाखाली यावेत अशी ती एकच जागा होती. महापालिकेने वर्षानुवर्षे टाकलेल्या डांबराच्या थरांत रूळ जवळजवळ बुडाले आहेत, आतल्या बाजूची चाकाच्या कडेची खाच खडी आणि मातीने गच्च भरली आहे. ही खाच भरलेली असेल तर चाक रुळावरून उचलले जाईल, म्हणून येथून कितीतरी काळ वाघीण गेलेली नाही एवढे नक्की. गोदामाच्या दिशेला पाहिले तर रुळाच्या माथ्यावर पापुद्रे सुटलेला लालसर गंज, दोन्ही रुळांच्या मध्ये गाजरगवत आणि घाणेरी, आणि एका जागी चांगली मनगटाएवढ्या जाडीची सुबाभूळ. हे सगळे अपेक्षेप्रमाणे.

स्थानकाच्या दिशेला पाहताना मुकादम थांबले. क्रॉसिंगपासून थोड्या अंतरावर रुळाच्या माथ्याचा रंग बदलत होता. गंज तेथेही होता, पण पातळ, तपकिरी, आणि माथ्याच्या मधोमध बोटभर रुंदीचा एक पट्टा उन्हात किंचित चकाकत होता. त्याच ठिकाणी दोन रुळांच्या मध्ये खडीवर तेलाचे काळे डाग होते आणि रुळालगत दोन लाकडी गुटके नीट रचून ठेवलेले होते. "काका, इथं गाडी येते?" असे एकीने विचारले. "गाडी नाही, मशीन येतं. दुरुस्तीचं," मुकादम म्हणाले, "ब्लॉक संपला की मेन लाईनवर ठेवत नाहीत ना पोरी. मग असल्या ठिकाणी आणून लावतात, गुटके घालतात, अन् माणसं जेवायला जातात."

पुढे माहिती अधिकाराच्या उत्तरात त्याला दुजोरा मिळाला. साईडिंगचा सांध्याकडचा भाग रुळाखालची खडी ठोकणारी यंत्रे आणि इतर विभागीय वाहने उभी करण्यासाठी वापरात असल्याचे त्यात म्हटले होते. नकाशावर एक अखंड रेघ, लोकांच्या बोलण्यात एक 'बंद लाईन', आणि प्रत्यक्षात तिचे एक टोक जिवंत, मधला भाग डांबराखाली आणि दुसरे टोक झुडपात, असे हे प्रकरण होते. फेरीच्या मूळ आखणीत लोकांना ज्या टोकाकडून आत न्यायचे होते, ते नेमके जिवंत टोक होते.

तेथे आणखी एक धोका आहे आणि तो रुळावर नव्हे, डोक्यावर आहे. इगतपुरीच्या पुढे भुसावळकडे सुरुवातीपासून २५,००० व्होल्टचा विद्युतप्रवाह वापरला गेला. साईडिंगवर वायर आहे की नाही, असल्यास तिच्यात प्रवाह आहे की नाही, हे खालून पाहून कोणाला सांगता येत नाही. वायरला हात लागलाच पाहिजे असेही नाही. म्हणून रेल्वेचे कर्मचारीसुद्धा प्रवाह तोडल्याची खात्री झाल्याशिवाय दोन मीटरच्या आत जात नाहीत. उभ्या वाघिणीच्या टपावर चढून छायाचित्र काढणारी मुले जिवाला मुकतात ती या अज्ञानाने. मुकादमांनी नोकरीत पाहिलेल्या अशा एका घटनेबद्दल सांगायला सुरुवात केली आणि मध्येच विषय बदलला. कोणी पुढे विचारले नाही.

फाटकाच्या आत

मालकांची लेखी परवानगी मिळाल्यावर गोदामाच्या आवारातली पाहणी मात्र निवांत करता आली. पायात बूट, हातात काठी आणि पुढे मुकादम, अशा थाटात. फुरसे आणि घोणस यांना दगडमाती आणि गवताची अशी सोबत फार आवडते, आणि हिवाळ्यात तापलेल्या लोखंडाशेजारी ती येऊन पडतात.

आवारातले रूळ दर यार्ड लांबीला ९० पौंड वजनाचे, म्हणजे एकेकाळी मुख्य लाईनवर चालणारे. प्रत्येक रुळाच्या पोटावर कारखान्याचे नाव, वजन आणि वर्ष उठावाच्या अक्षरांत असते. तारेच्या ब्रशने माती झाडल्यावर टाटांच्या कारखान्याची अक्षरे दिसली आणि विद्यार्थ्यांनी लगेच त्या वर्षावरून साईडिंगचे वय काढले. मुकादमांनी पुढच्या रुळाकडे बोट दाखवले. त्यावरचे वर्ष पहिल्यापेक्षा बरेच नंतरचे होते. साईडिंगला नवा रूळ सहसा घालत नाहीत. मुख्य लाईनवर झिजलेला, तेथून काढलेला रूळ साईडिंगला येतो, त्यामुळे रुळावरचे वर्ष हे तो लाटला गेल्याचे वर्ष असते, येथे बसवल्याचे नव्हे. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी आमच्यापैकी कोणाला दिसली नसती. एका रुळाची आतली कड तिरपी घासलेली होती. सरळ लाईनवर चाकाची कड रुळाला अशी घासत नाही. ती घासते वळणावर. म्हणजे हा रूळ आधी कोठल्या तरी वळणावर आयुष्य काढून येथे आला. "घाटातला असणार," असे मुकादमांचे मत. नोंदवहीत आम्ही 'वळणावर वापरलेला' एवढेच लिहिले, घाट लिहिला नाही, यावर ते थोडे नाराज झाले.

रुळांखालच्या आडव्या स्लीपरांची अवस्था वाईट होती. लाकडी स्लीपर वाळवीने पोखरलेले, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) स्लीपरांपैकी बरेच नाहीसे झालेले. बीड भंगारात विकले जाते, लाकूड जळणात. ब्रॉड गेजच्या दोन रुळांमधले अंतर १,६७६ मिलिमीटर असते. टेप धरल्यावर ते काही ठिकाणी चांगले दोन बोटे वाढलेले निघाले. यावरून वाघीण नेली तर ती तेथेच रुळाखाली उतरेल, म्हणजे साईडिंग पुन्हा चालू करायची झाल्यास नव्यानेच घालावी लागेल. ही गोष्ट नोंदीत स्पष्ट लिहिली, कारण पट्ट्यातल्या काही व्यापाऱ्यांना ती 'थोडी डागडुजी करून' चालू होईल असे अजून वाटते.

खरा ऐवज गोदामाच्या भिंतीत सापडला. रुळाकडच्या बाजूला दगडी फलाट आहे, साधारण एक मीटर उंचीचा. प्रवाशांच्या फलाटापेक्षा मालाचा फलाट उंच असतो, १,०६५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे वाघिणीच्या तळापर्यंत पोचण्यासाठी हमालाला पाठीवरच्या पोत्यासकट जेमतेम एक पायरी चढावी लागते. या फलाटावर गोदामाची दारे एका ओळीत आहेत, आणि त्यांच्यामधले अंतर विद्यार्थ्यांनी मोजले तेव्हा ते प्रत्येक वेळी सात-आठ मीटरच्या आसपास आले. जुन्या चार चाकी वाघिणीच्या लांबीएवढे! वाघिणींची रांग लागली की प्रत्येक वाघिणीचे दार गोदामाच्या दारासमोर यावे, म्हणून बांधणाऱ्याने वाघीण मोजून भिंत आखली होती. साडेपंधरा मीटरची नवी वाघीण येथे आली असती तर तिची दारे भिंतीपुढे उभी राहिली असती. रेक पद्धतीने ही साईडिंग मोडीत काढली असे आधी सांगितले. त्याचा पुरावा कागदात शोधण्याची गरज नव्हती, तो चुन्याच्या भिंतीत दारांच्या अंतराने लिहिलेला होता.

दारांवर डांबराने घातलेले आकडे आहेत. पांढऱ्या रंगाचे थर खरवडले तर खाली जुने आकडे निघतात, आणि दाराच्या चौकटीजवळ खडूच्या व कोळशाच्या उभ्या रेघा, चार उभ्या आणि पाचवी तिरपी, पोत्यांच्या मोजणीच्या. विरुद्ध बाजूला, रस्त्याकडे, सिमेंटच्या चौकटी बसवून लोखंडी शटरची नवी दारे फोडली आहेत आणि त्यांच्यासमोर ट्रक पाठ लावून उभे राहतात. गोदामाने रुळाकडे पाठ फिरवली ती अशी, अक्षरशः भिंत फोडून. विद्यार्थ्यांनी या दोन भिंतींचे मोजमापासह रेखाटन केले. माझ्या मते या कामातली सर्वांत मोलाची वस्तू ती आहे, रुळाची छायाचित्रे नव्हेत.

फेरीचे काय झाले

रेल्वेच्या हद्दीतून फेरी नेण्याची परवानगी मागायची की नाही, यावर गटात मतभेद झाले. प्राध्यापकांना ती मागायची होती. मुकादमांचे म्हणणे होते की जेथे यंत्र केव्हाही येऊ शकते तेथे वीस-पंचवीस माणसांची जबाबदारी कोणताही अधिकारी घेणार नाही आणि त्याने घेऊही नये. मला मुकादमांचे पटले, पण त्याहून महत्त्वाचे कारण वेगळे होते : रुळावर चालून जे दिसले असते त्यातले जवळजवळ सगळे क्रॉसिंगवरून, रस्त्यावरून आणि गोदामाच्या आवारातून दिसत होते. रेल्वेच्या हद्दीत उतरून फक्त एक सांधा जवळून पाहायला मिळाला असता.

त्यामुळे फेरी रस्त्याने काढली गेली : मालधक्का रस्ता, क्रॉसिंग, आणि मग मालकांच्या संमतीने लहान गटांत गोदामाचे आवार. रेल्वे सुरक्षा बलाच्या ठाण्यात आधी पत्र दिले होते. क्रॉसिंगवर उभे राहणार, रुळावरून चालणार नाही, असे त्यात लिहिले होते. फेरीला आलेल्यांमध्ये मालधक्क्यावर काम केलेले दोन वृद्ध माथाडी होते. पोत्यांच्या रेघा कोणत्या टोळीच्या, हुंडेकऱ्याचा (मालवाहतुकीचा ठेका घेणाऱ्याचा) माणूस कोठे बसे, पावसात वाघिणीचे दार उघडताना ताडपत्री कशी धरत, हे त्यांनी सांगितले आणि ते ध्वनिमुद्रित करून घेतले. दारांच्या अंतराचा आमचा शोध त्यांना मुळीच नवा वाटला नाही. "डबा दारावर लागला नाही तर आम्ही पहारीने सरकवायचो," असे त्यांतले एक बाबा म्हणाले, आणि चाकाखाली पहार घालून भरलेली वाघीण चार माणसे कशी हलवतात ते हवेत हात करून दाखवले.

एका मुद्द्यावर काम अर्धवट आहे. रस्ता काँक्रीटचा व्हायचा आहे आणि त्या वेळी क्रॉसिंगवरचे रूळ निघणार हे उघड आहे. रेल्वेतही भंगार शून्यावर आणण्याची मोहीम चालू असते आणि वापराबाहेरचे रूळ तिच्या यादीत सर्वांत आधी येतात. रूळ वाचवावेत अशी मागणी आम्ही केलेली नाही, कारण डांबरात बुडालेले रूळ दुचाकीस्वारांना पाडतात आणि पावसाळ्यात तर फारच. मागणी एवढीच आहे की काढताना नाव आणि वर्ष असलेला एक तुकडा आणि वळणावर घासलेला एक तुकडा नाशिकरोडमध्येच कोठेतरी जतन करावा. घासलेला तुकडा मालकांच्या हद्दीतला असल्याने तो देण्यास त्यांनी होकार दिला आहे. क्रॉसिंगवरच्या तुकड्यासाठी महापालिका आणि रेल्वे या दोन्हीकडे पत्रे गेली आहेत, कारण रस्त्याखालचा रूळ रस्त्याचा की रेल्वेचा, हे निळ्या छापाच्या नकाशावरच्या लाल रेघेवरूनही ठरत नाही.